फोनमधली पावलं आणि किलोमीटर: कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही आणि तुमचे मिस्टर सकाळी एकाच वाटेने, एकमेकांच्या शेजारून पंचावन्न मिनिटं चालता. परत आल्यावर तुमचा फोन ६,१५० पावलं आणि ४.० किलोमीटर दाखवतो. त्यांचा फोन ५,३०० पावलं आणि ४.३ किलोमीटर. म्हणजे ज्यांची पावलं कमी, त्यांचं अंतर जास्त. शिवाय दिवसभर घरात तुमची पायपीट चालूच असते, तरी रात्री बघावं तर आकड्यात जेमतेम हजाराची भर पडलेली. डॉक्टरांनी चालणं हळूहळू वाढवायला सांगितलंय आणि वाढवायचं ते नेमकं कोणत्या आकड्यावरून ठरवायचं, हेच कळेनासं झालंय. फोनवर भरवसा ठेवावा की घड्याळ घ्यावं, असा तुमचा सवाल आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, हृदयविकारानंतर, पक्षाघातानंतर माणसाला पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे समोर माणूस चालतोय आणि त्याच्या खिशातला फोन आकडा दाखवतोय, या दोन्ही गोष्टी मला सतत शेजारीशेजारी बघायला मिळतात. त्यावरून सांगते: तुमच्या दोघांच्याही फोनमध्ये बहुधा काहीच बिघाड नाही. पावलं फोन खरोखर मोजतो, अंतर मात्र तो बरेचदा अंदाजाने काढतो. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात म्हणून आपण दोन्हींना सारखंच वजन देतो, आणि तिथे घोळ होतो.

आधी पावलांचं बघू. फोनच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाचा एक सेन्सर असतो. त्यात सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की हा तुकडा किंचित मागे राहतो, त्यामुळे बाजूच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि त्या बदलातून फोनला कळतं की कोणत्या दिशेने किती जोर लागला. फोन टेबलावर निपचित पडला असला तरी सेन्सर गुरुत्वाकर्षणाचा आकडा दाखवतच असतो. आपण चालतो तेव्हा टाच टेकताना अंगाला बारीक हादरा बसतो, मग शरीर वर उचललं जातं, पुन्हा खाली येतं. याचा आलेख काढला तर एकामागून एक लाटा दिसतात. सर्वसाधारण चालीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं पडतात, म्हणजे लाटांची लयही ठरलेली असते. फोन ही लय शोधतो आणि लाटा मोजतो.

लय शोधतो, हे इथे महत्त्वाचं आहे. फोन एरवीही शंभर कारणांनी हलत असतो. खिशातून काढला, खुर्चीवर ठेवला, गाडी खड्ड्यातून गेली, की प्रत्येक वेळी हादरा बसतोच. असा प्रत्येक हादरा पाऊल म्हणून धरला तर आकडा भलताच फुगेल. म्हणून बहुतेक मोजणी-पद्धतींमध्ये अशी सोय असते की सलग काही पावलं एकसारख्या लयीत पडल्याशिवाय त्यांना चालणं मानायचंच नाही. खात्री पटली की मग आधीची पावलंही हिशेबात धरली जातात. अँड्रॉइडमधल्या पाऊल-मोजणीच्या सेन्सरला तर आकडा द्यायला दहा सेकंदांपर्यंत उशीर चालतो, कारण तेवढ्या वेळात तो जास्त खात्रीने सांगू शकतो. त्यामुळे चार पावलं चालून लगेच फोनकडे बघितलं आणि आकडा हलला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता तुमच्या घरातल्या पायपिटीकडे या. ओट्यापासून फ्रिजपर्यंत तीन पावलं, तिथून वळून टेबलापर्यंत चार, मग थांबून काहीतरी चिरायचं, परत दोन पावलं मागे. पाय दुखेपर्यंत हे चालतं, पण सलग लय कुठेच बनत नाही आणि फोनच्या लेखी ते चालणं ठरत नाही. त्यात फोन तुमच्या अंगावर असेलच असं नाही. तो चार्जिंगला असतो, पलंगावर असतो, दुसऱ्या खोलीत कुणाच्या तरी हातात असतो. माझ्या अनुभवात पावलं गळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. सेन्सर किंवा ॲप यांचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो.

याला अभ्यासांचाही दुजोरा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर ताशी सुमारे ४.८ किलोमीटर वेगाने ५०० आणि १,५०० पावलं चालायला लावलं आणि पावलं डोळ्यांनी मोजली. फोनमधल्या ॲप्सचा आकडा खऱ्या आकड्याच्या फार तर सहा-सात टक्के खाली किंवा वर होता. अंगावर घालायच्या काही उपकरणांपेक्षाही फोन सरस ठरले. यावरून वाटेल की विषयच संपला. पण नंतर, २०१८ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने आयफोनची पावलं प्रयोगशाळेत आणि रोजच्या जगण्यात अशी दोन्हीकडे तपासली. प्रयोगशाळेत नेहमीच्या वेगाला चूक पाच टक्क्यांच्या आत होती. तीच माणसं आपापल्या दिनक्रमाला लागल्यावर मात्र फोन सरासरी दिवसाला १,३४० पावलं, म्हणजे एक पंचमांशाहून थोडी जास्त, कमी दाखवू लागला. फोन अंगावर असताना त्याची मोजणी चांगली आहे, पण तो दिवसभर अंगावर नसतो, असाच मी या दोन निकालांचा एकत्रित अर्थ लावते.

अंगावर असतानाही फोन कुठे आहे त्याने फरक पडतो. पँटच्या पुढच्या खिशात तो मांडीबरोबर हलतो, लाटा ठळक येतात. पाठीला घट्ट बसलेल्या सॅकमध्येही बरं काम होतं. खांद्याला लोंबकळणाऱ्या मोठ्या पर्समध्ये तो स्वतःच्याच तालात झुलतो. हातात धरून पडद्याकडे बघत चाललात तर आपण नकळत हात स्थिर ठेवतो आणि लाटा पुसट होतात. तुमचा फोन पर्समध्ये आणि मिस्टरांचा खिशात असेल, तर तेवढ्यानेही दोघांच्या मोजणीत थोडा फरक येऊ शकतो.

तुमच्या ६,१५० आणि ५,३०० मधला मोठा वाटा मात्र फोनचा नाहीच. तुम्ही उंची लिहिली आहे: तुमची १५७ सेंटिमीटर, त्यांची १७८. पाय लांब तसं पाऊल लांब. तेवढ्याच वाटेला त्यांना पावलं कमीच लागणार. दोघांचे आकडे सारखे आले असते तर मला शंका आली असती.

इथे एका गोष्टीबद्दल जरा थांबून बोलते, कारण ती मला मनापासून खटकते. हळू चालणाऱ्यांची पावलं फोन गाळतो. चाल मंदावली, पाय घासत पडू लागले, की टाचेचा हादरा मऊ होतो आणि लाटा इतक्या उथळ होतात की फोनला त्या दिसेनाशा होतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन चालणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. वॉकर पुढे ठेवायचा, त्यावर भार द्यायचा, दुखरा पाय टाकायचा, मग चांगला पाय जवळ घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा वॉकर उचलायचा. असं करत करत एक आजोबा अख्खा कॉरिडॉर पार करून गेले. मी शेजारून पावलं मोजत होते, त्यांचा मुलगा त्यांच्याच शर्टाच्या खिशातला फोन अधूनमधून बघत होता, आणि फोनमधला आकडा जागचा हलला नव्हता. आजोबांनी विचारलं, "म्हणजे मी चाललोच नाही का?" ज्यांना शाबासकीची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला हे शून्य येतं. तुमच्या घरात काठी किंवा वॉकर घेऊन चालणारं कुणी असेल, तर कृपा करून त्यांच्या हातात फोनचा आकडा देऊ नका. फेऱ्या मोजा, मिनिटं मोजा. दारापासून खिडकीपर्यंत काल दोन फेऱ्या झाल्या, आज तीन झाल्या, ही नोंद कुठल्याही ॲपपेक्षा खरी आहे.

आता अंतर. ते काढायचे फोनकडे मुख्यतः दोन मार्ग असतात आणि तुमच्या घरात नेमके दोन्ही वापरले गेलेत.

पहिला मार्ग: पावलांना पावलाच्या लांबीने गुणायचं. पण पावलाची लांबी फोनला कशी कळणार? ती उंचीवरून काढायचा एक ढोबळ हिशेब फार प्रचलित आहे: बायकांसाठी उंचीच्या ०.४१३ पट, पुरुषांसाठी ०.४१५ पट. तुमच्या १५७ सेंटिमीटरला हे लावून बघा, उत्तर येतं जवळपास ६५ सेंटिमीटर. ६,१५० पावलं गुणिले ६५ सेंटिमीटर म्हणजे ३,९९७ मीटर. तुमच्या फोनने दाखवलेले ४.० किलोमीटर कुठून आले असतील ते यावरून दिसतं. तुम्ही खरोखर किती चाललात याच्याशी फोनचा संबंध फक्त पावलांपुरता, बाकीचं काम तुमच्या उंचीने केलं. हाच हिशेब मिस्टरांना लावला तर १७८ सेंटिमीटरला जवळपास ७४ सेंटिमीटरचं पाऊल, आणि ५,३०० पावलांचे झाले ३.९ किलोमीटर. त्यांचा फोन ४.३ दाखवतोय, म्हणजे त्याने वेगळा मार्ग धरलाय. तुम्ही लिहिलंच आहे की ते निघताना नकाशावर वाट आखणारं ॲप सुरू करतात. ते ॲप जीपीएसवर चालतं.

उंचीवरच्या हिशेबाची अडचण अशी की सारख्या उंचीच्या दोन माणसांची पावलं सारखी नसतात, आणि एकाच माणसाचं पाऊलही दिवसभर सारखं नसतं. घाईत चाललो की पाऊल लांबतं, गप्पा मारत चाललो की आखडतं. चढावर, ओल्या फरशीवर, गुडघा दुखत असताना, वय वाढेल तसं ते आखूड होत जातं. त्यात कधी ॲपमध्ये उंचीच चुकीची भरलेली असते, किंवा फोन घेताना कुणीतरी घाईघाईत भलताच आकडा टाकलेला असतो. काही फोन आणि घड्याळं मोकळ्यावर चालताना जीपीएसची मदत घेऊन तुमच्या पावलाची लांबी शिकून घेतात. ती वापरून काही दिवस झाले की अंतर पुष्कळ सुधारतं. सगळीच उपकरणं तसं करतात असं धरून चालू नका.

दुसरा मार्ग जीपीएसचा. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत फोनपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन आपली जागा ठरवतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची जागा सुमारे पाच मीटरच्या वर्तुळात अचूक असते. गाडीने जाताना पाच मीटर म्हणजे काहीच नाही. चालताना मात्र आपण सेकंदाला सव्वा-दीड मीटरच पुढे सरकतो, म्हणजे एका सेकंदातल्या आपल्या हालचालीपेक्षा जागेतली चूक मोठी! फोनने दर सेकंदाला जागा नोंदवून ते बिंदू नुसते जोडत नेले तर सरळ वाटेवरही नागमोडी रेघ उमटेल, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. त्यामुळे अंतर फुगतं. म्हणून ॲप त्या रेघेला गुळगुळीत करतं किंवा बिंदू कमी घेतं. पण तसं केलं की उलटी चूक शिरते: वळणं कापली जातात आणि अंतर घटतं. प्रत्येक ॲप या दोन चुकांमधला मध्य आपापल्या परीने साधतं, म्हणूनच एकाच फोनवरची दोन ॲप्स एकाच चालण्याचं वेगवेगळं अंतर सांगतात.

उंच इमारतींमधून किंवा दाट झाडीखालून चाललात की चूक वाढते, कारण संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि फोन तेवढा फसतो. २०१८ पासून दोन वेगळ्या वारंवारतांवरचे संकेत घेणारे फोन आले, त्यांत हा त्रास कमी आहे. जास्त पैसे मोजून नवा फोन घ्यायला मी सांगत नाहीये. पण तुमच्या दोन फोनांच्या वयात पाच-सहा वर्षांचं अंतर असेल तर हेही लक्षात ठेवा. चुकीची आणखी दोन ठिकाणं म्हणजे सुरुवात आणि थांबे. दारातून बाहेर पडतानाच बटण दाबलं तर पहिली काही मिनिटं फोन जागा चाचपडत असतो. आणि वाटेत कुणी भेटलं, दहा मिनिटं उभ्याने गप्पा झाल्या, तर उभ्या जागीही बिंदू इकडेतिकडे सरकत राहतात आणि न चाललेले मीटर हिशेबात येऊ शकतात. मिस्टरांना सांगा, मोकळ्यावर येऊन अर्धा-एक मिनिट थांबून ॲप सुरू करा, आणि गप्पांना थांबलात की ते थांबवा.

बरेच जण विचारतात की चढ-उताराने जीपीएसचं अंतर चुकतं का. नकाशावरचं आडवं अंतर आणि प्रत्यक्ष चढावरचं अंतर यांत फरक असतो हे खरं, पण दहा टक्क्यांच्या चांगल्या दमछाक करणाऱ्या चढालाही तो फरक अर्धा टक्काच भरतो. त्याचा विचार सोडून द्या.

तर ४.० खरं की ४.३? दुरून सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तुमच्या आकड्यात उंचीचा ढोबळपणा आहे, त्यांच्यात जीपीएसची नागमोड असू शकते. खरं अंतर या दोहोंच्या मधे कुठेतरी असावं, असा माझा कयास. पण ते तपासून बघणं अवघड नाही.

त्यासाठी आधी पावलं तपासा. फोन नेहमी ठेवता तिथेच ठेवा, पडद्यावरचा आकडा बघून घ्या, आणि नेहमीच्या चालीने दोनशे पावलं चाला. मनातल्या मनात मोजताना गडबड होते, म्हणून फक्त उजवा पाय मोजा, शंभरपर्यंत. उभ्या राहा, अर्धा मिनिट जाऊ द्या आणि मग आकडा बघा. १९० ते २१० च्या दरम्यान वाढला असेल तर फोन आपलं काम चोख करतोय. हेच पुन्हा फोन पर्समध्ये ठेवून, मग हातात धरून करून बघा. कोणत्या जागी तुमचा फोन पावलं गाळतो हे पाच मिनिटांत कळेल.

मग अंतर. जवळपास ४०० मीटरचं प्रमाणित धावमैदान असेल तर तिथे सगळ्यात आतल्या लेनमधून एक पूर्ण फेरी मारा आणि पावलं मोजा. लेन आतलीच हवी. ४०० मीटर हे अंतर फक्त त्याच लेनचं असतं. दुसऱ्या लेनमध्ये तीच फेरी ४०७ मीटर होते आणि आठव्या लेनमध्ये जवळपास ४५३. बाहेरच्या लेनमधून दहा फेऱ्या मारून "चार किलोमीटर झाले आणि ॲप साडेचार दाखवतंय" अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते, आणि त्यात ॲपच बरोबर असतं. समजा आतल्या लेनमध्ये तुमची ६०० पावलं झाली. ४०० मीटर भागिले ६००, म्हणजे तुमचं पाऊल सुमारे ६६.७ सेंटिमीटरचं. मग सकाळचे ४.० किलोमीटर प्रत्यक्षात ४.१ होते. ॲपमध्ये पावलाची लांबी भरायची सोय असेल तर हा आकडा भरा. भरताना एक बघा: काही ठिकाणी एका पावलाची लांबी विचारतात, काही ठिकाणी डावं-उजवं मिळून दोन पावलांची. इथे गफलत झाली तर अंतर थेट दुप्पट किंवा निम्मं होतं. मैदान जवळ नसेल तर टेपने पन्नास मीटर मोजून खुणा करा आणि चार वेळा ये-जा करा, तेही चालतं.

आणि आता हे सगळं बाजूला ठेवून मूळ मुद्द्यावर येते, कारण तुमचा खरा प्रश्न "माझं चालणं वाढतंय का, हे मला कसं कळेल?" हा आहे. त्यासाठी आकडा खरा असण्यापेक्षा दर वेळी सारख्याच पद्धतीने मोजलेला असणं जास्त गरजेचं आहे. फोन रोज शेकडा पाच पावलं कमी मोजत असेल तर या आठवड्यातही कमी मोजेल, पुढच्याही. वाढ दिसायची ती दिसेलच. पण या आठवड्यात फोन खिशात, पुढच्या आठवड्यात पर्समध्ये, सोमवारी एक ॲप, गुरुवारी दुसरं, असं केलंत तर जी वाढ किंवा घट दिसेल ती तुमच्या पायांची आहे की मोजणीची, हे कुणालाच सांगता येणार नाही. मिस्टरांच्या आकड्याशी तुलना तर पूर्ण सोडा.

चूक आणि वाढ यांचा आकार ताडून बघायची सवय आम्हाला दवाखान्यात लावून घ्यावी लागते. हृदय-फुप्फुसांच्या रुग्णांची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आम्ही घेतो. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन्ही टोकांना शंकू, जमिनीवर खुणा, आणि सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालला त्याची नोंद. फुप्फुसांच्या जुनाट आजारात या अंतरात साधारण ३० मीटरचा फरक पडला तर तो अर्थपूर्ण मानतात. ४०० मीटर चालणाऱ्या माणसासाठी ३० मीटर म्हणजे साडेसात टक्के. फोनच्या अंतरातली चूकही सहज तेवढी असू शकते, आणि छताखाली जीपीएस तर जवळपास निरुपयोगीच. मोजायच्या गोष्टीएवढीच मोजपट्टीची चूक असेल तर ती मोजपट्टी चालत नाही, म्हणून आम्ही त्या कामाला फोन वापरत नाही. तुमच्या रोजच्या चालण्याला तो चालतो, कारण तुम्हाला एका दिवसाचा निकाल लावायचा नाही, महिन्या-दोन महिन्यांचा कल बघायचाय.

म्हणून मी माझ्याकडच्या लोकांना सांगते तेच तुम्हाला सांगते. पहिला आठवडा काहीच बदलू नका. फोन एका ठरलेल्या जागी, एकच ॲप, आणि सात दिवसांची सरासरी काढा. तो तुमचा पाया. त्यापुढे आठवड्याच्या सरासरीत पाचशे-सातशे पावलांची भर घाला, गुडघे दुसऱ्या दिवशीही तक्रार करत नसतील तरच पुढची भर. एखाद्या दिवसाचा आकडा पडला म्हणून रात्री अकराला खोलीत येरझाऱ्या घालू नका. दुखण्यामुळे चालण्यावर बंधनं असतील तर माझे आकडे सोडा, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादाच पाळा.

दहा हजारांचं ओझं तर मुळीच घेऊ नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाबरोबर लोकांच्या तोंडी बसला, कुठल्या वैद्यकीय चाचणीतून तो निघाला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांच्या, सरासरी वय ७२, नोंदी तपासल्या तेव्हा दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा जवळपास सपाट झाला. मात्र हे आकडे वाचताना एक ध्यानात घ्या. त्या स्त्रियांच्या कमरेला जागेपणी सतत मोजणीयंत्र बांधलेलं होतं. तुमचा फोन अर्धा दिवस टेबलावर असतो. त्यांचे ४,४०० आणि तुमच्या फोनमधले ४,४०० हे एकाच मापाचे नाहीत. तुमचे प्रत्यक्षात जास्तच असणार.

याहून साधं आणि फोनच्या चुकांना फारसं न जुमानणारं माप म्हणजे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, पावलं नाही. चालणं मध्यम आहे का हे ओळखायला मिनिटाला शंभर पावलं ही ढोबळ खूण पुष्कळ अभ्यासांत वापरतात. तुमची ६,१५० पावलं पंचावन्न मिनिटांत, म्हणजे मिनिटाला एकशेदहाच्या वर. हा फार चांगला वेग आहे, आणि फोनने त्यात पाच टक्के इकडे-तिकडे केलं असलं तरी निष्कर्ष बदलत नाही.

राहिला घड्याळाचा प्रश्न. घरातली पायपीट मोजली जावी ही इच्छा असेल तर घड्याळाचा उपयोग होईल, कारण ते दिवसभर अंगावर राहतं. लांब लयीशिवायची तीन-चार पावलं तेही गाळेल, आणि उलट हातवारे, कपडे घासणं, पीठ मळणं यांतली काही हालचाल पावलं म्हणून धरेल. वॉकर, ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलताना हात स्थिर असतो, तेव्हा मनगटावरचं घड्याळ आंधळं होतं आणि खिशातला फोन जास्त बरोबर असतो. घड्याळ घेतलंत तर फोन आणि घड्याळ दोन्हीकडची पावलं एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये कोणत्या साधनाला आधी मान द्यायचा ते तपासा. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये हा क्रम आपल्याला बदलता येतो. काही इतर ॲप्समध्ये दोन्हींची बेरीज होऊन आकडा अचानक फुगलेला मी पाहिलाय. पण सकाळच्या फेरीसाठीच मोजायचं असेल तर तुमचा आहे तो फोन पुरेसा आहे. पैसे खर्चच करायचे असतील तर माझ्या मते आधी चांगल्या तळव्याचे बूट घ्या.

शेवटची एक तपासणी राहिली. फोन अँड्रॉइडचा असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपला शारीरिक हालचालींची परवानगी दिलेली आहे का, आणि बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ते मागच्या मागे बंद पडत नाही ना, हे बघा. दुपारी ठरावीक वेळेनंतर आकडा गोठल्यासारखा होत असेल तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. दोनशे पावलांची चाचणी करून काय आकडा आला ते इथे लिहा, फोन कुठे ठेवला होता तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.